आप्पांनी ओढलेली सुई

मी एक जुनी सुई आहे, काचेची. मित्रांनो, माझ्याकडून बटण लावून घ्यायचं मनात आणू नका. मला नेढंच नाही.

आप्पांनी छोट्या निळ्या ज्योतीवर काचेची कांडी तापवून अलगद ओढली आणि मी जन्मले. टोक केसाहूनही बारीक. आप्पा म्हणजे प्रयोगशाळेत पेशींवर संशोधन करणाऱ्या बाईंचे वडील. सारा जन्म काचकामात गेलेला, पण आता हात थरथरायचे.

"पोरी, ही शेवटची. आता हात ऐकत नाही," ते म्हणाले.

बाईंनी मला जपून कापसात ठेवलं. विकतच्या सुया एक तर वाकत नसत, नाहीतर मोडत. मी तुटले असते तर बाईंचं कामही तिथंच थांबलं असतं.

माझं काम ओढाओढीचं. सूक्ष्मदर्शकाखाली एका किड्याची जिवंत पेशी असे. पेशीचे दोन भाग होण्याआधी गुणसूत्रं मधोमध येतात आणि दोन्ही बाजूंचे धागे त्यांना आपापल्याकडे खेचतात, अगदी रस्सीखेच! एका पेशीत मात्र एक गुणसूत्र एकाच बाजूला बांधलेलं राहिलं. पलीकडून ओढायला कुणीच नाही. पेशी अडून बसली. ती त्या ताणाचीच वाट बघतेय, असं बाईंना वाटे. पण दाखवायचं कसं?

बाईंनी भोक न पाडता पेशीच्या पातळ आवरणावरून मला आत दाबलं. मी ते गुणसूत्र अडकवून पलीकडे ओढू लागले. मी किती वाकले, त्यावरून बाई जोर मोजत होत्या. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता. बऱ्याच वेळाने सगळी गुणसूत्रं एकदम सुटली आणि दोन्हीकडे निघाली.

"आप्पा, ताण मिळाला आणि दुभंगली बघा!"

आप्पांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "एवढ्याशा जिवाला एवढं कळतं! तुला जेवायला हाका मारून माझा घसा बसतो."

किती सुखाचे दिवस होते ते! पुढे प्रकाशाने खेचणारी यंत्रं आली आणि मी डबीत गेले. बाई पाहुण्यांना मला दाखवत, पण हात लावू देत नसत.

परवा आप्पा आले. "माझी सुई दे पाहू."

बाईंनी क्षणभर डबी घट्ट धरली, मग पुढे केली. आप्पांनी मला उचललं आणि काचकामाच्या जुन्या सवयीने टोक पारखायला अंगठ्याच्या नखावर टेकवलं. टोक गेलं.

"मोडलं का गं?" त्यांना आता नीट दिसत नाही.

"नाही आप्पा," बाई म्हणाल्या, "अजून तश्शीच आहे."

मित्रांनो, नाजूक वस्तू जरूर जपा. पण ज्यांनी ती घडवली ती माणसं मागायला आली, तर डबी बंद ठेवू नका. मला मोडल्याचं दुःख नाही. इतक्या वर्षांनी मला आप्पांचा हात लागला.