जानेफळचा आजार

डॉक्टर हिंमतरावांचं नाव ज्यानं ठेवलं त्याला थट्टेची भारी हौस असावी, कारण रस्त्यात गाय आडवी आली तरी हा माणूस सायकलवरून उतरून तिला वाट देई. बुलढाण्यात मनाच्या आजारांचे ते एकटेच डॉक्टर. लेखावर लेख लिहून मुंबईच्या इंग्रजी मासिकाला धाडत, आणि ते लेख दोनच माणसं वाचत: एक छापखान्यात खिळे जुळवणारा, दुसरे खुद्द डॉक्टर. उरलेल्या प्रती त्यांच्या बायकोच्या, सत्यभामाबाईंच्या, लोणच्याच्या बरण्यांच्या तोंडाला बांधायला कामी येत.

मग मराठी राज्य झालं, आणि दोन-तीन वर्षांत जानेफळ गावावरच्या लेखानं डॉक्टरांचं नशीबच पालटलं. तिथल्या पारावर उकंडराव नावाच्या शेतकऱ्यानं त्यांना एक आजार सांगितला होता. दिवेलागणीला शेतातून घरी यावं, तर आपणच आधी येऊन जेवायला बसलेलो दिसतो. मग त्याचं जेवण होईस्तोवर अंगणात उभं राहावं लागतं. डॉक्टरांनी विचारलं, "भीती वाटते?" सगळा पार म्हणाला, "हाव साहेब." "घाम येतो?" "हाव साहेब."

लेख छापून आला आणि देशोदेशीचे डॉक्टर त्याचा दाखला देऊ लागले. रांचीला असे रोगी निघाले, सिलोनात निघाले, थेट बर्फातल्या नॉर्वेतही निघाले, आणि प्रत्येक लेखाच्या तळाशी हिंमतरावांचं नाव. त्याच जोरावर मुंबईच्या इस्पितळातली मोठी जागा हातातोंडाशी आली होती. फक्त आणखी एक लेख हवा होता, म्हणून ते दुपारच्या एस.टी.नं पुन्हा जानेफळला उतरले.

उकंडरावानं सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारून असा हसला की त्याचं मुंडासं सुटलं.

"तो आजार अजून चालूच हाय का, साहेब? अहो, तुमी दिवसभर उन्हात हिंडून राह्यले होते, अन् गावात एकबी येडा सापडेना. तुमाले रिकाम्या हातानं कसं धाडाव? म्या बनवला तो."

"साहेब इचारे अन् आमी हाव म्हनो," शेजारचा तुळशीराम म्हणाला. "सायबाले नाही म्हनाव काय?"

डॉक्टर कपाळाला हात लावून खाली बसले. मुंबईची जागा तर गेलीच, पण हे फुटलं की साऱ्या जगात तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

"अन् ते वाहाणेचं!" पलीकडे बसलेला सहदेव हसून हसून डोळे पुसत होता. "म्हने तो जेवाले बसला तरी एका पायातली वाहाण काढत नाही. उकंडा, कुठून सुचलं बे तुले?"

डॉक्टरांचा हात कपाळावरच राहिला. वाहाणेचं त्यांनाही सांगितलं होतं, पण विद्वान लोक हसतील म्हणून त्यांनी ते छापलं नव्हतं, कोणाजवळ बोललेही नव्हते. आणि नॉर्वेच्या डॉक्टरानं लिहिलं होतं की जेवणाऱ्याच्या एका पायात बूट असतो. रांचीच्यानं चप्पल लिहिली होती. वाचलं तेव्हा त्यांना आनंदच झाला होता, की उकंडराव खरं बोलला तर!

त्यांनी हे हळू आवाजात सांगितलं. पारावरचं हसू विझलं.

"त्याईले कोनं सांगतलं?" उकंडराव म्हणाला. "म्या तं बसल्या जागी बनवलं होतं."

"तूच बनवलं होतं ना बे?" तुळशीरामानं विचारलं.

 या वेळी उकंडरावाच्या तोंडून हाव निघालं नाही.

खरं तर डॉक्टरांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. लेख खरा ठरत होता, जागा वाचत होती. पण त्यांनी वाकून आपल्या दोन्ही पायांतले बूट चाचपून पाहिले.

दिवेलागण झाली. बुलढाण्याची शेवटची गाडी समोर थांबली, कंडक्टरनं "चला डॉक्टरसाहेब" म्हणून हाक दिली, हिंमतराव जागचे हलले नाहीत, आणि गाडी धूळ उडवत निघून गेली. मग घराघरांतून हाका सुरू झाल्या. तुळशीरामाच्या घरून सून, सहदेवाच्या घरून म्हातारी, उकंडरावाच्या घरून त्याची मंजुळाबाई: "जेवाले याऽऽ!" पारावरून कोणी उठलं नाही, कोणी ओ दिली नाही. हाका बराच वेळ येत राहिल्या.

मग एकेका घरातून "आले काय? बसा" असं ऐकू येऊन हाका बंद होत गेल्या, आणि ताटं वाढल्याचे आवाज येऊ लागले.