उलटं पेडल

बँडमध्ये कीबोर्ड वाजवतात आमचे हे. पण कीबोर्ड लावते मी, आणि लावणं वाजवण्याच्या आधी येतं, हे मी लग्न झाल्यापासून त्यांना सांगत आले आहे. पालथ्या घड्यावर पाणी. जेवायला बसलं की ताट वाढलेलं असतं, तसंच खुर्चीत बसलं की वाद्य तयार असतं, अशी त्यांची समजूत आहे. दोन्हींच्या मागे एकच बाई असते, हे त्यांच्या लक्षात येत नाही असं नाही. पण बोलून दाखवायची सवय नाही.

स्टँडच्या खालच्या पायरीवर जड कीबोर्ड, तो पियानोचा. वरच्या पायरीवर हलका. व्हायोलिन, ऑर्गन, बासरी असे बाकीचे आवाज त्याच्याकडे. विजेच्या वायरी डावीकडून न्यायच्या आणि आवाजाच्या उजवीकडून, कारण त्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या की स्पीकरमधून भुणभुण सुरू होते. मग सगळ्या वायरी जमिनीला चिकटपट्टीने चिकटवायच्या. गाण्यांच्या क्रमाने आवाज लावून ठेवायचे, म्हणजे यांनी एक बटण दाबलं की पुढच्या गाण्याचा आवाज हजर. माझं काम संपेपर्यंत स्टेजवर कोणी कशाला हात लावायचा नाही, हा नियम बँडमधल्या सगळ्यांना पाठ आहे. आमच्या ड्रमवाल्याने एकदा फोन चार्ज करायला माझी वायर काढली होती. तो अजून माझ्या समोरून जाताना मान खाली घालतो.

पेडल सगळ्यात शेवटी लावते. पेडल म्हणजे पायाखाली दाबायचा लोखंडी तुकडा. दाबून धरलं की बोटं उचलली तरी सूर रेंगाळतो, सोडलं की थांबतो. पियानोचा सगळा जीव त्यात असतो. म्हणून हे चपला काढून वाजवायला बसतात. तळव्याला पेडल कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं आहे.

मागच्या कार्यक्रमात नेमकं तिथेच बिघडलं. मध्यंतरानंतर एक संथ गाणं असतं. फक्त गायिकेचा आवाज आणि यांचा पियानो. लोक त्या गाण्यासाठी येतात. त्या दिवशी पहिल्याच ओळीत सूर एकमेकांत मिसळायला लागले. एक स्वर दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, सगळा चिखल. हे जितकं सावरायला गेले तितकं आणखी बिघडलं. गायिका ओळीच्या मध्येच थांबली, आणि हॉलमध्ये कोणीतरी हसलं.

गायिका आमच्यापेक्षा खूप लहान. यांना दादा म्हणते, मला वहिनी. बँड तिचाच आहे. दोन दिवसांनी ती घरी आली, चहाला हात लावला नाही, आणि यांच्याकडे न बघता म्हणाली, "दादा, पुन्हा असं झालं तर मला दुसरं कोणीतरी बघावं लागेल." एवढं बोलून तीच रडायला लागली. हे म्हणाले, "बरोबर आहे तुझं." रात्री जेवले नाहीत.

मी सगळा दोष पेडलला दिला. जुनं फेकलं, नवं आणलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आज दुपारी आम्ही हॉलवर लवकर गेलो. खुर्च्या रिकाम्या, पंखे बंद, मागे कोणीतरी झाडू मारत होतं. मी वायरी लावत होते तेवढ्यात हे येऊन खुर्चीत बसलेसुद्धा. एरवी मी ओरडले असते. पण आज त्यांचा चेहरा इतका ओढलेला होता की म्हटलं, बसू दे. नवं पेडल जोडलं, वीज सुरू केली आणि म्हटलं, "वाजवा."

त्यांनी चार सूर वाजवले. पुन्हा तोच चिखल.

पेडल नवं, वायर नवी, आणि रोग तोच. मग लक्षात आलं. कीबोर्ड सुरू होतो त्या क्षणी पेडल ज्या अवस्थेत असेल, तीच तो सोडलेल्या पेडलची अवस्था समजतो. सुरू होताना पेडलवर कोणाचा पाय असेल, तर सगळं उलटं होऊन बसतं. दाबल्यावर सूर थांबतो आणि सोडल्यावर रेंगाळतो. शिकाऊ मुलांची चूक ही. मागच्या वेळी मध्यंतरात वीज जाऊन परत आली होती, आणि तेव्हाही हे असेच आधीपासून खुर्चीत बसलेले होते.

"अहो, पेडलवरून पाय काढा," मी म्हटलं. "मी बंद करून परत सुरू करते."

"काढलाय."

"काढा हो."

"अगं, काढलाय म्हणतोय ना."

मी खाली वाकून पाहिलं. उजवा पाय पेडलवरच होता. चांगला पूर्ण भार टाकून ठेवलेला.

चेष्टा करणाऱ्यांतले हे नव्हेत, आणि आज तर नाहीच. मी तशीच वाकून राहिले. मग त्यांच्या पायाचा अंगठा धरला आणि नख रुतेल इतका जोरात दाबला. वरून आवाज आला, "बासरी आधी आहे की ऑर्गन?" मी आणखी जोरात दाबला. "अगं, विचारतोय मी. बासरी आधी की ऑर्गन?"

"ऑर्गन," मी म्हटलं. "कधीपासून असं आहे?"

"काय कधीपासून?"

"मी तुमचा अंगठा दाबतेय."

त्यांनी खाली पाहिलं. माझं नख पाहिलं, अंगठ्यावर उमटलेला लाल चंद्र पाहिला. झाडू मारणाराही मागे कुठेतरी थांबला असावा, कारण काहीच ऐकू येईना.

"थोडं बधिर असतं," ते म्हणाले. "आधी बोटंच होती. आता घोट्यापर्यंत आलंय. हलतो नीट. फक्त कळत नाही."

"आणि मला सांगायचं नाही?"

"मागे एक चप्पल रस्त्यात राहिली आणि मी एकच घालून घरी आलो, आठवतं? वेंधळे आहात म्हणालीस. मला वाटलं, वेंधळाच बरा."

मला इतका राग आला आणि इतकं रडू आलं की कशाला आधी वाट द्यावी ते कळेना. मी दोन्ही एकदम केलं. म्हटलं, "उद्या सकाळी डॉक्टरकडे."

"जाऊ."

"जाऊ नाही. नेणार आहे मी."

"बरं," ते म्हणाले. मग पांढऱ्या पट्ट्यांवरून उगाच बोट फिरवत विचारलं, "पण आज काय करू?"

कीबोर्ड बंद करून परत सुरू केला, पण उजवा पाय पेडलवर आहे की सरकलाय हे यांना कळेना, म्हणून डाव्या पायाने करून पाहिलं. डावा पाय शाबूत आहे, पण त्याला जन्मात कधी काम पडलेलं नाही. आयतं खाणारा पाय तो. पियानोला उचकी लागल्यासारखं वाजायला लागलं. दोनदा केलं, तीनदा केलं, शेवटी यांनीच हात मांडीवर ठेवले. मी त्यांचे हात फार वर्षं पाहते आहे. ते असे कधी ठेवलेले नव्हते.

"पेडल मी दाबते," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? इतकी वर्षं वाजवतोय, आता बायकोच्या पायाने वाजवू?"

"बायकोच्या हातचं जेवता ना? तेव्हा लाज वाटत नाही."

"ते वेगळं."

"काही वेगळं नाही. मी शेजारी बसते, पेडल थोडं माझ्याकडे ओढून घेते. तुम्ही तुमचा पाय मागे खुर्चीखाली ठेवा आणि हातांकडे बघा."

त्यांनी वाकून बघत उजवा पाय खुर्चीखाली घेतला. मग म्हणाले, "तिला नको सांगू."

मी मात्र सांगितलं. तिच्या बँडचा प्रश्न होता, आणि लपवाछपवीने आम्ही आधीच एक गाणं घालवलं होतं. ती आल्याआल्या तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. हे ऐकू येईल इतक्या अंतरावर वरच्या कीबोर्डशी काहीतरी करत असल्याचं नाटक करत होते.

तिने मला विचारलं, "वहिनी, तुम्हाला येईल?"

"ते गाणं घरात किती वेळा वाजलंय त्याचा हिशेब नाही. भाजी निवडताना माझा पाय आपोआप हलतो."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर दुसरा माणूस बघ. मीच तुला म्हणेन."

ती यांच्याजवळ गेली. मला वाटलं रागावणार. पण म्हणाली, "दादा, मला वाटत होतं तुमचं मन उडालंय माझ्या गाण्यावरून. मी रोज तेच डोक्यात घेऊन झोपत होते." यांनी नुसती मान हलवली.

संध्याकाळी हॉल भरला. पूर्वार्धात पेडलचं काम नव्हतं. ऑर्गन, बासरी, व्हायोलिन, सगळं वरच्या कीबोर्डवर निभावून गेलं. मध्यंतरात मी पियानो बंद करून पुन्हा सुरू केला, आजूबाजूला कोणाचा पाय नाही ना हे तीनदा बघून. मग चपला काढल्या आणि यांच्या उजव्या हाताला बुटक्या स्टुलावर बसले. लोकांना वाटलं असेल, पानं उलटायला बसली आहे. समोर एकही पान नव्हतं.

गाणं सुरू झालं. मी दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. घरात भाजी निवडताना सोपं असतं हो. इथे तसं नव्हतं. प्रत्येक वेळी मी केसभर उशिरा सोडत होते, आणि मागच्या सुराचं शेपूट पुढच्याला चिकटत होतं. चिखल नव्हता, पण ओल होती. यांना ती कळत होती, कारण त्यांचा जबडा आवळलेला होता. गायिकेलाही कळत होती. पहिलं कडवं कसंबसं गेलं. मनात म्हटलं, आपण तोंडाने मोठं बोललो आणि आता यांना इथून आपणच उठवणार.

दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी यांचा पाय खुर्चीखालून पुढे आला. इतक्या वर्षांची सवय, ती कुठे ऐकते. सरकत सरकत आला आणि सरळ माझ्या पायावर येऊन बसला. जड, थंड पाय. मी यांच्याकडे पाहिलं. यांचं लक्ष हातांवर. पाय कुठे आहे याचा यांना पत्ताच नव्हता.

मी तो ढकलून देणार होते. तेवढ्यात तो उचलला गेला. सूर बदलायचा नेमका तो क्षण होता. माझा पाय त्याच्यापाठोपाठ वर गेला, आणि तो पुन्हा खाली आला तसा माझाही आला. सूर स्वच्छ सुटला. पुन्हा वर, पुन्हा खाली. मी उशीर करत होते, तो करत नव्हता. त्या पायाला खालचं काही कळत नव्हतं, पण गाणं अजून सगळं कळत होतं. मी माझा पाय सैल सोडला. घोट्याला रग लागली, स्टूल टोचत होतं, आणि मला इतकं सुख झालं की काय सांगू. शेजारी यांचा जबडा सुटला. गायिकेने मागे न बघता एक ओळ हवी तेवढी लांबवली, पूर्वी लांबवायची तशी, आणि हे तिच्यासाठी थांबले.

शेवटचा सूर वाजला. यांनी पट्ट्यांवरून हात उचलले आणि मांडीवर घेतले. सूर रेंगाळत राहिला. हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

ओठ न हलवता हे पुटपुटले, "सोड आता."

"मी नाही धरलेलं," मी म्हटलं.

त्यांनी खाली पाहिलं. माझा पाय पेडलवर आणि त्यांचा माझ्या पायावर. ते बघतच राहिले.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या कडव्यापासून. सगळं तुम्हीच वाजवलंत."

सूर बारीक होत गेला. मग त्यांनी डोळ्यांनी बघत, सावकाश, एखाद्याला झोपेतून न उठवता बाजूला व्हावं तसा तो पाय उचलला, आणि सूर थांबला. टाळ्या सुरू झाल्या. गायिका वळली, तिने आधी यांच्याकडे पाहिलं, मग खाली आमच्या पायांकडे.

"दादा, पुढचं घेऊ या?" ती म्हणाली.