गोड बोलणारी बहीण

मी मोबाइल. आजवर माझ्यातून दुसरेच बोलत आले, आज माझी पाळी. माझा मुक्काम शिवणाच्या मशीनवर, रिळांच्या डब्याशेजारी. काचेला तडा गेलाय, पण कान शाबूत आहेत.

दुकानातून मला एका मुलाने आणलं. वर्षभर खेळ खेळून तापवलं, मग नवा फोन घेतला आणि मला आपल्या मावशीच्या गळ्यात मारलं. ही मावशी म्हणजे आमच्या शिवणकाकू.

माणसं मोठी गमतीची! काकू दाराला दोन कुलपं लावतात आणि माझा पासवर्ड मात्र कापडावरच्या खडूने मशीनवर लिहून ठेवतात. गिऱ्हाइकं मापं देता देता तो पाठ करायची.

काकूंची थोरली बहीण, म्हणजे त्या मुलाची आई, परगावी असते. दोघींचं रोज फोनवर भांडण. "ए टवळे, जिवंत आहेस का?" असं इथून, "तुला पोचवल्याशिवाय मरते होय!" असं तिथून. हीच त्यांची माया. अलीकडे थोरलीला दिसेनासं झालं होतं. डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यासाठी पै-पै करून साठवलेले पैसे खात्यात तयार होते.

इकडे काकू बटणांच्या पार्सलची वाट बघत होत्या. एका दुपारी मेसेज आला, 'तुमचं पार्सल अडकलंय, इथे दाबा.' काकूंनी दाबलं, नाव-नंबर भरला. लगेच फोन. "मावशी, आत्ता आलेला कोड तेवढा सांगता का?" कोडखाली स्पष्ट लिहिलं होतं, कुणालाही सांगू नका. पण चष्मा कपाळावर असताना खालची ओळ कोण वाचतं! त्यात 'मावशी' ऐकून काकू विरघळल्या आणि कोड सांगून मोकळ्या झाल्या. मी थरथरून पाहिलं, उपयोग शून्य.

बघता बघता त्या कोडने काकूंचं मेसेजचं खातं बळकावून चोर काकू होऊन बसला. काकूंचं नाव, गळ्यात टेप अडकवलेला काकूंचा फोटो, सगळं त्याचं. त्याने पहिला मेसेज थोरलीलाच धाडला.

थोड्या वेळाने मी खणखणलो. थोरली ओरडत होती, "टवळे, ताप आलाय का तुला?"

"का गं?"

"पोराने तुझा मेसेज वाचून दाखवला. 'आदरणीय ताई, कृपया तातडीने पैसे पाठवावेत.' आपल्या खानदानात कुणी कधी कृपया म्हटलंय? पोरगा पैसे पाठवायलाच बसला होता. म्हटलं थांब, आधी तिचा आवाज ऐकू दे."

काकूंच्या हातातली कात्री निसटली. मग एकच धावपळ उडाली. भाच्याने फोनवर सांगत सांगत काकूंचं मेसेजचं खातं परत मिळवलं, बँकेला कळवलं, तक्रार नोंदवली, नातेवाइकांना सावध केलं. मशीनवरचा खडूही पुसला गेला. पैसे वाचले.

माझी विनवणी एवढीच, कोड कुणालाही सांगू नका, मग तो कितीही गोड बोलो. आणि आपल्या माणसाने मेसेज करून पैसे मागितले, तर आधी त्याला फोन लावा. मी आहे कशाला?

ऑपरेशन छान झालं. त्या संध्याकाळी काकूंचं मन भरून आलं. मला कानाशी धरून त्या म्हणाल्या, "ताई, तुझे फार उपकार झाले."

"कोण गं तू? ठेव फोन!" थोरलीने फोन तोडला.

काकूंनी पुन्हा लावला. "ए महामाये, मीच आहे!"

"मग आधीच नीट शिवी घालायची ना!" थोरलीचा आवाज चिरकला. "डॉक्टरांनी रडायचं नाही म्हणून बजावलंय, आणि तू ही अशी!"