झाकणावरची खुर्ची

हातमोजे सगळ्यांना मिळाले, आणि मिळाल्याबरोबर सगळ्यांनी ते घालून फोटो काढले. कचरा अजून होता तिथेच होता. मेट्रनबाई खिडकीतून हे बघत होत्या. खालून नणंदेने हात हलवला तेव्हा त्यांनी मुद्दाम पडदा ओढून घेतला.

खऱ्या मेट्रन त्या कधीच नव्हत्या. सरकारी इस्पितळात साधी नर्स म्हणून लागल्या आणि साधी नर्स म्हणूनच निवृत्त झाल्या. पण डॉक्टर असो की पेशंटचा नातेवाईक, दोन शब्दांत त्याला जागेवर बसवायची त्यांची पद्धत होती. त्यातून हे नाव पडलं आणि ते त्यांच्या मागोमाग गल्लीपर्यंत आलं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. नवऱ्याची धाकटी बहीण लग्नाविना राहिली होती, ती त्यांच्याजवळच असे. वरच्या प्रार्थनाघरात ती गायला जायची. देवावर तिचा जितका विश्वास होता तितकाच ती माणसांवरही ठेवायची. मेट्रनबाईंना या दोन्ही सवयी सारख्याच बावळट वाटत.

गल्ली उताराची होती. वरच्या टोकाला एका धर्माचं प्रार्थनाघर, खालच्या टोकाला दुसऱ्या धर्माचं, आणि मधोमध एक मोकळा प्लॉट. प्लॉटमध्ये कचऱ्याचा ढीग, आणि ढिगाच्या बाजूला गटाराचं चेंबर. ते तुंबलं की मैला रस्त्यावर यायचा. कचरा खालचे लोक टाकतात असं वरचे म्हणत. घाण वरूनच वाहत येते असं खालचे म्हणत. दोन्ही खरं होतं. दोन्हीकडची माणसं नाकाला रुमाल लावून तिथून प्रार्थनेला जात, आणि मन निर्मळ करून, पुन्हा नाकाला रुमाल लावून घरी येत.

मग कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानदाराने मनावर घेतलं. रहिवासी मंडळाचा तो सेक्रेटरी होता आणि आपण शहरासाठी काहीतरी करतो आहोत असा भाव त्याच्या तोंडावर कायम असे. त्याने दोन्ही धर्मगुरूंना एका टेबलाशी बसवलं. तिथे बाग करायची ठरली. बैठका झाल्या. निम्म्या बैठका पाटीवर कुणाचं नाव आधी यावं यात गेल्या आणि उरलेल्या, बाकांची तोंडं वर करावीत की खाली, यात. नणंद रोज घरी येऊन हे सगळं कौतुकाने सांगायची. मेट्रनबाई ऐकून घेत आणि विचारत, "आणि झाडू कुणी मारला?"

पण झाडूही मारला गेला. काही रविवारांत ढीग हलला, माती पडली, हिरवळीच्या लाद्या बसल्या. मेट्रनबाईंना ते दिसत होतं, आणि डोळ्यांना दिसतं ते नाकारायला त्या काही धर्मगुरू नव्हत्या. फक्त त्यांचं मत बदललं नाही. ही माणसं चांगली दिसण्यासाठी चांगलं वागतात, आणि कुणी बघत नसलं की काय करतात ते आपण वॉर्डात पुरेसं पाहिलं आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी चेंबर तुंबलं. नवीन हिरवळीवर काळं पाणी चढू लागलं. नगरपालिकेची उपसा करणारी गाडी पुढच्या आठवड्याशिवाय मिळणार नव्हती. सेक्रेटरीने पाणबुड्याला बोलावणं पाठवलं.

पाणबुड्या हा गल्लीतला नळजोडणीवाला. काटक, हसरा, तिशीतला माणूस. कुठल्याही टाकीत उतरायला तो नाही म्हणत नसे, म्हणून हे नाव. मेट्रनबाईंच्या मोरीचा नळही तोच दुरुस्त करून जायचा आणि त्यांच्या शिव्या हसत ऐकून घ्यायचा. गटारात उतरलेली माणसं कशी मरतात हे त्याला माहीत होतं. सेक्रेटरीला माहीत होतं, दोन्ही धर्मगुरूंना माहीत होतं, गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. यात कुणी कुणाला शिकवावं असं काही नव्हतं. मेट्रनबाईंच्या वॉर्डात एकदा दोन सख्खे भाऊ आणले होते. आधी धाकटा उतरला होता, मग त्याला काढायला थोरला. आई यायच्या आत त्यांचे केस धुवून ठेवायचं काम मेट्रनबाईंकडे आलं होतं. इतरांपेक्षा त्यांना जास्त माहीत होतं ते एवढंच.

पाणबुड्या पहारीने झाकण उचकटतो आहे असं खिडकीतून दिसलं तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि जिना उतरल्या. गर्दी बाजूला झाली, कारण त्यांना सगळेच घाबरत. पाणबुड्याला त्यांनी झाकण खाली सोडायला लावलं, त्यावर खुर्ची ठेवली आणि बसल्या.

सेक्रेटरी अदबीने पुढे आला. "मेट्रनबाई, जरा बाजूला होता का? थोड्या वेळाचं काम आहे."

"मग तुम्ही उतरा."

त्याला तो विनोद वाटला. तो हसला.

"हसण्यासारखं काय बोलले मी? तुम्ही नाही तर हे दोघं उतरू देत. देव दोघांच्याही बाजूने आहे ना?"

वरच्या धर्मगुरूंनी समजावलं की कुणी जबरदस्ती केलेली नाही, तो आपल्या खुशीने उतरतो आहे. खालच्यांनी सांगितलं की कमरेला दोर बांधणार आहोत आणि वर सगळे प्रार्थना करत उभे राहणार आहोत. दोर प्रेत वर ओढायला बरा पडतो, असं मेट्रनबाई म्हणाल्या. मग दोघं बाजूला जाऊन बराच वेळ बोलले. ही बाई म्हणजे गल्लीला लागलेली पीडा आहे, यावर त्यांचं एकमत झालं. इतक्या बैठकांत झालेलं हे पहिलंच खरं एकमत.

सगळ्यांत जास्त चिडला तो पाणबुड्या. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"सिस्टर, मी काय आज पहिल्यांदा उतरतोय? उठा तुम्ही."

"नाही."

"माझ्या पोटावर पाय देताय. आणि वर चारचौघांत मला भित्रा ठरवताय."

"भित्रा संध्याकाळी घरी जातो. जा घरी."

"तुम्ही माझ्या कोण लागता?"

"कुणी नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "कुणीही नाही. तरी उठणार नाही."

पाणबुड्याने पहार खांद्यावर टाकली, पण गेला नाही. भिंतीला टेकून बसून राहिला. बाई केव्हातरी उठणारच, असं सगळ्यांनी धरलं होतं. ऊन चढलं. नणंद छत्री आणि पाणी घेऊन आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "वहिनी, चला ना वर. मला उद्या यांच्यातच जायचंय," एवढंच ती हळू आवाजात म्हणाली. मेट्रनबाईंनी पाणी घेतलं आणि छत्री परत केली.

पण वय झालेलं शरीर कुणाच्या तत्त्वाला विचारत नाही. दुपारी मेट्रनबाईंना मोरीवर जायची निकड झाली. त्यांनी तोंड आवळून बराच वेळ काढला. सेक्रेटरीच्या ते ध्यानात आलं होतं आणि तो नम्रपणे वाट बघत होता. शेवटी नणंदच जवळ आली, त्यांच्या दंडाला धरून तिने त्यांना उठवलं आणि त्यांची पाठ वळायच्या आत स्वतः खुर्चीत बसली.

मेट्रनबाई परत आल्या तेव्हा वरचे धर्मगुरू तिच्यापुढे वाकून बोलत होते. आवाज गोड होता. बागेत पहिलं गाणं तुझंच आहे, विसरलीस का, असं काहीतरी. नणंदेने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले होते. ती वर बघत नव्हती. ओठांतल्या ओठांत आपलं प्रार्थनेतलं गाणं म्हणत होती. तिच्या खांद्यावर मेट्रनबाईंनी हात ठेवला, आणि ती उठली तेव्हा तिची जागा घेतली.

संध्याकाळी सेक्रेटरीने आपल्या कुणा मेहुण्याच्या ओळखीने नगरपालिकेत फोन लावला. गाडी दोन दिवसांत आली. ती आधीही आणता आली असती, फक्त कुणी मेहुण्याला विचारलं नव्हतं. नळी आत सोडली, घरघर झाली, पाणी उतरलं, माणसं झाकण लावून निघून गेली. आत विषारी वायू होता की नव्हता, कुणालाच कळलं नाही.

उद्घाटन एक रविवार उशिरा झालं. भाषणांत बंधुभाव होता, सहकार्य होतं, आणि काही अडथळ्यांचा उल्लेख होता. पहिलं गाणं दुसऱ्या कुणीतरी म्हटलं. नणंदेला मागच्या रांगेत उभं केलं आणि पुढेही ती मागच्याच रांगेत राहिली. तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. मेट्रनबाई एकदा म्हणाल्या, सोड त्या लोकांना. त्यावर ती म्हणाली, "मी त्यांच्यासाठी गात नाही, वहिनी."

काही झालं नसतं, असं सेक्रेटरी दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिला. त्याला खोटं पाडायला मेट्रनबाईंकडे काही नव्हतं. वॉर्डात वाचवलेल्या माणसाच्या अंगावर निदान टाके तरी दिसत. पाणबुड्यानेही तेच सांगितलं. त्याने त्यांच्या घरी येणं बंद केलं. नळाला त्यांना लांबून माणूस बोलवावा लागे. समोरून आला तर तो रस्ता बदलत असे.

बाग मात्र राहिली. दोन्हीकडची म्हातारी माणसं तिथे येऊन बसू लागली, तोंडं वर-खाली कशीही करून. गुडघे दुखायला लागल्यावर मेट्रनबाईही येऊ लागल्या. बाक फार बुटके आहेत आणि ज्याने केले त्याला अक्कल नव्हती, असं त्या रोज म्हणत.

बरीच वर्षं गेल्यावरची एक संध्याकाळ. नणंद शेजारी बसली होती. समोरच्या वाटेने पाणबुड्या आपल्या वयात आलेल्या मुलीशी वाद घालत चालला होता. त्याचं पोट सुटलं होतं, चाल जड झाली होती, कानांजवळचे केस पिकले होते. मेट्रनबाई दिसताच त्याने मान फिरवली आणि मुलीला घेऊन पलीकडून गेला.

तो वळणाआड जाईपर्यंत मेट्रनबाई बघत राहिल्या.

"काय हो वहिनी?"

"काही नाही," त्या तुच्छतेने म्हणाल्या. "म्हातारा होत चाललाय."