सात नंबरचं रोप

"मॅडम, एवढीच उरलीत तर तुम्ही ती घरी का नेत नाही?"

मागच्या बाकावर पैज लागली होती आणि हल्ली मी कुणाच्या बापाला घाबरत नाही, म्हणून विचारलं. वर्ग खदाखदा हसला. वनखात्याच्या ऑफिसातून रानातल्या ऑर्किडवर बोलायला आलेल्या मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, या रोपाच्या मुळांशी एक बुरशी राहते, तीच त्याला भरवते, आणि ती जगते तिथल्याच मातीत. घरी नेलेलं रोप थोडे दिवस तग धरतं, मग जातं. अख्ख्या डोंगरावर अकरा रोपं होती, प्रत्येकाशेजारी नंबराचा पत्र्याचा बिल्ला. परवा त्या बघायला गेल्या तर सातव्याच्या जागी नुसता खड्डा होता.

पडद्यावर फोटो आला. जांभळट, कानातल्याएवढं फूल.

मी दप्तराच्या चेनला लटकणारा बिल्ला मुठीत झाकला. आठवडाभर 'माझा लकी सात' म्हणून मिरवला होता तो.

बाबा विजेच्या लाइनवर कामाला आहेत. डोंगरावरचे खांब तपासून येताना त्यांनी आईच्या वाढदिवसाला ते रोप आणलं, बिल्ला मला दिला. त्यांना वाढदिवस आठवला याचंच आम्हाला कोण कौतुक वाटलं होतं.

धावत घरी आले. खिडकीत रोपाने मान टाकली होती. त्याला बरं वाटावं म्हणून आईने सकाळीच मुळं पालेभाजीसारखी स्वच्छ धुऊन नवी, खताची माती घातली होती. जुनी माती कचऱ्याच्या बादलीत. मी कोपरापर्यंत हात घालून ती चहाच्या चोथ्यातून वेचून काढली. आई बघतच राहिली.

बाबा आल्यावर सगळं सांगितलं.  ते म्हणाले, गुपचूप परत लावून येतो, बोभाटा झाला तर नोकरीवर गदा यायची. आईनेही त्यांचीच री ओढली.

"खांबाला नंबर आहे म्हणजे तो कुणाच्या तरी नोंदीत आहे, हे तुम्हीच सांगता ना बाबा?"

"मला वाटलं, रानातलं आहे. कुणाचं नाही."

ते खोटं बोलत नव्हते, म्हणून मला जास्तच रडू आलं.

डोळे पुसून मी रोप आणि जुनी माती डब्यात ठेवली. वर बिल्ला.

"उद्या शाळेआधी मी हे मॅडमकडे नेणार. धुतलेल्या मुळांचं काय करायचं ते त्यांनाच कळेल. कुणी आणलं विचारलं तर खरं सांगणार. तुम्ही सोबत आलात, बाबा, तर तुमचं तुम्ही सांगा."