सात दिवसांचं पाणी

आमच्या तळघरातल्या खोलीची एक भिंत बारा महिने ओली असायची आणि तिलाच लागून आईचा पलंग होता, कारण दुसरी जागाच नव्हती. आईच्या फुप्फुसांनी कधीच मान टाकली होती. ओल गेली नाही तर हिवाळा निघणं कठीण, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

मी सिमेंटच्या प्रयोगशाळेत काम करते. सिमेंटमध्ये पॉलिमर आणि पाणी झटकून टाकणारी पूड किती घालायची, यात मी चार वर्षं डोकेफोड केली आणि शेवटी जमलं. महिनाभर पाण्यात बुडवलेल्या ठोकळ्यांचं वजन जेमतेम वाढलं होतं. त्याच मालाची दोन पोती मी घरी आणली. आईला दहा दिवस मावशीकडे ठेवलं.

प्लास्टर बाबांनी केलं. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. 'बाईसाहेबांची पावडर' म्हणून मला चिडवत त्यांनी भिंत अशी घोटली, की हात फिरवावासा वाटावा.

साध्या सिमेंटला दिवसचे दिवस पाणी मारावं लागतं. या मालाचं उलटं आहे. एक दिवस ओलावा द्यायचा, मग कोरडं राहू द्यायचं, तरच आत पॉलिमरचा पापुद्रा धरतो. हे मी बाबांना सांगितलंच नाही. शब्द ओठांवर आले होते, पण बापाला प्लास्टर शिकवायचं म्हणजे आगाऊपणा वाटला. दुसऱ्या दिवशी मी कामासाठी आठवडाभर परगावी निघून गेले. परत आले तेव्हा भिंत छान दिसत होती.

दीड महिन्यात पलंगामागे काळे डाग आले. आईचा खोकला रात्रंदिवस थांबेना. हिवाळा अर्धाही सरला नव्हता, तेव्हा ती गेली.

तिला पोचवून आलो आणि बाबा त्या भिंतीवर तळहात टेकून उभे राहिले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सात दिवस पाणी मारलं मी. तीन-तीन वेळा. गुडघे दुखत होते, पण एक वेळ चुकवली नाही. कमी पडलं का गं?"

त्या बादल्या, तो जिना, ते गुडघे, सगळं डोळ्यांसमोर आलं.

"नाही बाबा," मी म्हणाले. "तुमचं काम चोख होतं. माझं प्रमाण चुकलं."

त्यांनी भिंतीवरचा ओला हात सदऱ्याला पुसला आणि माझ्या डोक्यावर ठेवला.

"होतं असं," ते म्हणाले. "पुढच्या वेळी नीट मोज."