ममताच्या नावाचा तुकडा

कळंबजवळच्या तांड्यावर सुखीबाईच्या घरात एक खाट होती आणि खाटेवर तिची लेक ममता. तीन वर्षांपूर्वी कापसाने भरलेल्या बैलबंडीवरून पडली, तेव्हापासून कमरेखाली जीव नाही. वय अवघं बावीस. अशी एखादी खाट आपल्याही ओळखीत असतेच. तिच्याजवळून जाताना आपण आवाज खाली आणतो आणि चार पावलं पुढे गेल्यावर 'बिचारी सुटली तर बरं' म्हणतो. म्हणतो की नाही?

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. तांड्यातल्या बायांनी यवतमाळला कलेक्टर कचेरीसमोर धरणं धरून बसायचं ठरवलं. विमलताई नावाच्या कार्यकर्तीने सुचवलं, कागदी अर्ज कपाटात जातो, आपण कापडावर अर्ज भरू. प्रत्येकीने हातभर तुकड्यावर आपलं मागणं दोऱ्याने भरायचं, मग सगळे तुकडे जोडायचे. कोणी कापसाचा भाव भरला, कोणी हातपंप. सुखीबाईने विमलताईंकडून खडूने अक्षरं काढून घेतली आणि त्यांवर लाल दोरा चालवला: 'माझ्या ममताला इच्छामरण द्या.'

तो तुकडा ममताच्या नजरेस पडू नये म्हणून तिने विमलताईंजवळच ठेवायला दिला होता. पण जोडायचं काम ममताकडे आलं, कारण तिच्याइतका सुबक टाका तांड्यात कोणाचाच नव्हता. विमलताईंनी सगळा गठ्ठा तिच्या खाटेवर ठेवला आणि त्यात तोही गेला. ममता सातवी शिकलेली होती; तिने ती लाल अक्षरं वाचली.

"याडी, हे कोनाचं?" आईला ती याडी म्हणायची.

सुखीबाईची मान खाली गेली. "माह्यं."

"मले मराचं हाय, हे तुले कोनं सांगतलं?"

"सकाळी भरलेला पान्याचा लोटा संध्याकाळी तसाच रायते. मले वाटलं, पोरीचा जीव इटला."

"अवं, पानी पेलं तं बाहेर कोन नेईन मले? तू दिवसभर वावरात. म्हनून पेत नाई मी!"

सुखीबाईची नजर खाटेजवळच्या लोट्यावर गेली. तीन वर्षं! तीन वर्षं पोर तहान मारत होती आणि आई तिचं मरण भरत बसली होती!

"तुझी आई दमली आहे गं," विमलताई म्हणाल्या. "तिच्यामागे तुझं कोण करणार? आणि असं लिहिलं की सरकार जागं होतं."

"मंग करनारं मानूस मागा, ताई! चाकाची खुर्ची मागा, दाराजवळ संडास मागा. त्यातलं काईच नाई, एकदम मरनच मागतलं! उद्या खरंच मरावं वाटलं तं मीच सांगीन. तोंड हाय मले. पन माह्यं तुमी कायले बोलता?"

विमलताईंनी तो तुकडा हातात घेतला. अक्षरं त्यांनीच काढून दिली होती. ममताला एकदा विचारावं, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. आयुष्यभर लोकांच्या वतीने बोलण्याची ही सवय त्यांना पहिल्यांदाच बोचली.

"थकली मी होती, माय," सुखीबाई हुंदके देत म्हणाली, "अन् नाव तुह्यं टाकलं."

"मले माहीत हाय तू थकली ते. ते लिव ना मंग. हे उसव."

लाल दोरा उसवायला दोघींना दुपार पुरली नाही. सुखीबाईला डोळ्यांतल्या पाण्याने टाके दिसत नव्हते. विमलताई तुटके दोरे वेचत राहिल्या. त्याच कापडावर ममताने मग आपल्या हाताने चाकाची खुर्ची भरली.

धरण्याच्या दिवशी ममता ऑटोने यवतमाळला आली. बायांनी तिला उचलून अगदी पुढे बसवलं. कलेक्टर साहेब बाहेर आले, कापड पाहिलं आणि सुखीबाईकडे वळले, "बाई, मुलीला काय पाहिजे?"

"मले काय पुसता, साहेब?" सुखीबाईने ममताकडे बोट केलं. "ते बसली हाय समोर. तिलेच पुसा!"

साहेब जरा घोटाळले, मग ममतासमोर उकिडवे बसले.

वाचकहो, आपल्याला झेपेनासं झालं की दुसऱ्याच्या मरणाला आपण त्याची सुटका म्हणू लागतो. ही दया नव्हे! त्याचं जगणं त्याचं आहे. आधी त्याच्याजवळ बसा, त्याला विचारा आणि तो सांगेल ते ऐका.